दहा किलोमीटर आणि सत्तावीस घरं

"किती घरं आहेत आज?" आईनं विचारलं.

"घरं नाहीत, आई. किलोमीटर आहेत. दहा."

"एका टीमला दहा किलोमीटर? साहेबाला अक्कल आहे का?"

माझ्या तोंडात दोन टाचण्या होत्या, त्यामुळं मी उत्तर दिलं नाही. शाळेच्या मैदानावर मी तिच्या पाठीवर कागद टाचत होते. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेसात, गारठा असा की बोटं वळत नव्हती. कागदावर 'मी चालते' असं छापलेलं अन् खाली मोकळी जागा. कुणासाठी चालता ते प्रत्येकानं मार्करनं लिहायचं. मी माझ्या कागदावर 'आई-बाबांसाठी' लिहिलं. आईच्या कागदावर काय लिहावं ते सुचेना, मागं रांग लागलेली, म्हणून तिथंही तेच लिहून टाकलं. चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी पाठीवर 'आई-बाबांसाठी' लावून उभी. टेबलामागच्या डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले.

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची, आमच्या श्रीरामपूरची. माणसाची आठवण हळूहळू पुसून टाकणारा जो आजार आहे, ज्याला डॉक्टर लोक डिमेन्शिया म्हणतात अन् आमच्याकडं 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतात, त्याच्या अभ्यासासाठी पुण्याची एक संस्था पैसे उभे करत होती. चालायचं अन् पैसे गोळा करायचे. चालणाऱ्यानं ओळखीपाळखीच्या लोकांकडून आधी कबुली घ्यायची, की मी एक किलोमीटर चालले तर तुम्ही इतके द्याल. अडीच-अडीच किलोमीटरवर कार्डावर शिक्का. पुरेसे पैसे जमले तर तो अभ्यास आमच्या तालुक्यात होणार, डॉक्टर इथं येऊन तपासणार. नाही जमले तर नाही.

माझी पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाईक दळण ठेवून उभं असतं, पळून कुठं जाणार? एकवीस जणांकडून कबुली काढली मी. सगळ्यांत मोठी मोटारपंपवाल्या गुगळेशेठची. ते म्हणाले, "रुथाबाई, दहा पुरे केले तर दहा हजार. अर्ध्यात बसलात तर वडापावचेसुद्धा नाही." मी म्हटलं, "शेठ, पैसे मोजून ठेवा."

तर ते दहा किलोमीटर मला पुरे करायचेच होते. बाबांच्या नावानं. पैशाची गोष्ट होतीच, पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती अन् ती मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही.

माझे आईबाप दोघंही पायाची माणसं. बाबा म्हणजे शांतवन पारखे, मलेरिया खात्यात. दर पंधरा दिवसांनी घराघरांत जायचं, 'कुणाला ताप?' विचारायचं, रांजण-टाक्यांत वाकून बघायचं अन् भिंतीवर तारीख लिहून पुढं जायचं. आई, मार्था पारखे, सरकारी दवाखान्यात नर्स. अख्ख्या तालुक्याची पारखे सिस्टर. गरोदर बाया, लसी, नंतर ते पोलिओचे डोस. दोघं मिळून किती चालली असतील देव जाणे. घरी आल्यावर दोघं एकाच घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसायची.

रिटायर झाल्यावर पाच-सहा वर्षांत बाबांचं सुरू झालं. ते कुणाच्याही घरात शिरायचे अन् पाण्याची पिंपं उलटी करायचे. "अळ्या झाल्यात," म्हणायचे. नळाला दोन दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत हे करून बघा, लोक पूजा करतात का ते. शेवटची तीन वर्षं ते घरातच होते. दोन हजार बाराला गेले. वर्ष झालं नाही तोच आईनं डाळीत तिसऱ्यांदा मीठ टाकलं अन् मला कळलं, आता हिचंही सुरू झालं. दोन हजार सोळापर्यंत मी तिच्यासाठी बहुतेक वेळा रुथ नव्हतेच. पोलिओच्या टीममध्ये नर्सबरोबर एक अंगणवाडीची बाई असायची, ती मी.

"चला, अंगणवाडीच्या बाई," शिट्टी वाजली तशी आई म्हणाली. "ऊन चढायच्या आत उरकू."

चालायला मात्र ती वाघीण. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही निम्म्या लोकांना मागं टाकलं. मलाच धाप लागायला लागली. मनात म्हटलं, गुगळेशेठ, काढा दहा हजार. कालव्याच्या अलीकडं पहिला शिक्का बसला, अडीच किलोमीटर. तिथून सरळ रस्ता कारखान्याकडं जातो अन् डावीकडं एक कॉलनी लागते. सगळे सरळ गेले. आई डावीकडं वळली.

"आई, इकडं नाही."

"ही गल्ली राहिलीय ना."

मी दंडाला धरलं, तर तिनं असा झटका दिला की माझी बांगडी वाढली. अन् गेली ती पहिल्या घराच्या फाटकात. फाटकाची कडी दोनदा वाजवली. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन बाहेर आली.

"पाच वर्षांखालचं हेच?" आईनं विचारलं.

"हो. का?"

"आणखी कुणी? पाहुणं आलेलं? झोपलेलं? आजारी म्हणून आत ठेवलेलं?"

"नाही हो, हे एकच आहे. एकात जीव मेटाकुटीला आलाय."

आईनं कमरेच्या पिशवीत हात घातला अन् मार्कर काढला. टेबलावरचा मार्कर. कधी उचलला ते मला कळलंसुद्धा नव्हतं. तिनं पोराचा डावा हात धरला, करंगळीच्या नखावर काळी रेघ ओढली, फाटकाच्या खांबावर खूण केली अन् पुढं निघाली. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "नर्स होती. सवय आहे. नेलपॉलिश रिमूव्हरनं जाईल हो ते." दुसरं काय बोलणार?

पुढच्या घरी एक गृहस्थ व्हरांड्यात पेपर वाचत होते. आईच्या कमरेची पिशवी बघून तिथूनच ओरडले, "वर्गणी मिळणार नाही."

"वर्गणी नकोय," आई म्हणाली. "माणसं मोजतेय."

गृहस्थ आत गेले अन् दार लावून घेतलं. आईनं तिथंही खूण केली. फुली. म्हणजे पुन्हा यायचं.

मी घड्याळ बघितलं. पावणेनऊ. बारापर्यंत परत पोचायचं होतं. मागून येणारे लोक कॉलनीच्या तोंडाशी थबकून, "रुथाबाई, वाट चुकलात," म्हणून हाका मारत होते. माझं डोकं तापायला लागलं. मी आईच्या पुढं आडवी उभी राहिले.

"हे बघ, हे पोलिओचं काम नाही. तुझ्या नवऱ्यासाठी चालतोय आपण. सरळ चल. गल्लीबोळातल्या किलोमीटरवर शिक्का मिळत नाही."

आईनं माझ्याकडं नीट पाहिलं. नव्या, अडाणी बाईकडं बघावं तसं. म्हणाली, "अहो बाई, घर सोडायचं नसतं. एक घर सुटलं की सगळा राउंड वाया जातो. तुम्ही नव्या दिसता." अन् माझ्या बाजूनं वाट काढून तिसऱ्या फाटकाशी गेली.

त्या घराची बाई माझ्याच वयाची. गाऊनवर ओढणी घेतलेली, केस विस्कटलेले. दार तिनं अर्धंच उघडलं अन् अंगानं अडवून उभी राहिली.

"घरात कोण कोण?" आईनं विचारलं.

"कुणी नाही. मी एकटीच. मुलगी क्लासला गेलीय, हे गावाला."

"पाहुणं कुणी?"

"नाही."

"झोपलेलं? आजारी?"

"नाही म्हणतेय ना."

तेवढ्यात आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग दोनदा, मग सारखाच. त्या बाईचा चेहरा उतरला. "मांजर आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, आता आई वाद घालणार. तिनं घातला नाही. पायरीवर बसली, पदरानं कपाळ पुसलं अन् म्हणाली, "घोटभर पाणी द्याल का?"

आईची ही जुनी युक्ती. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर हिंडायचे तेव्हा शंभरदा पाहिलेली. तहानलेल्या माणसाच्या तोंडावर बाई दार लावत नाही. ती पाण्याला वळते, दार उघडं राहतं. तसंच झालं. बाई स्वयंपाकघराकडं वळली अन् आई उठून सरळ आत. मी "आई, आई" करत मागं. बोळाच्या शेवटी एक खोली, बाहेरून कडी. आईनं कडी काढली.

आत एक म्हातारा होता. ऐंशीच्या आसपासचा. पलंगावर बसून मांडीवरची स्टीलची ताटली गुडघ्यावर आपटत होता. खोली स्वच्छ होती, तेवढं म्हणायला पाहिजे. चादर धुतलेली, म्हाताऱ्याची दाढी केलेली. पण खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला, म्हणजे बाहेरून कुणाला दिसू नये.

मी त्या बाईवर उसळले. खरं सांगते, इतक्या जोरात उसळले की तिच्या हातातला तांब्या सांडला. "कडी लावता? माणूस आहे का जनावर? लाज नाही वाटत?"

"तुम्ही या ना सांभाळायला," ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही तिनं. "एक दिवस या. रात्री गॅस सुरू करून ठेवतात. गणपतीत कालव्यावर सापडले, पँट नव्हती अंगावर. तात्या म्हणजे माझे सासरे, हेडमास्तर होते हो. अर्धं गाव त्यांच्या हातून शिकलंय. कुणाला दाखवू त्यांना असं? अन् मुलीला स्थळं बघतोय. घरात खूळ आहे म्हटल्यावर कोण येईल दारात?"

तोंडात मारल्यासारखं झालं असं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. तिचा शब्दन् शब्द मला पाठ होता. गॅस नव्हता आमच्याकडं, पाण्याची पिंपं होती, एवढाच काय तो फरक.

आईला यातलं काही नव्हतं. ती पलंगावर तात्यांच्या शेजारी बसली, ताटली काढून बाजूला ठेवली, डावा हात हातात घेतला अन् करंगळीवर रेघ ओढली. "झालं," म्हणाली. "रडला नाही. शहाणा आहे." तात्यांनी करंगळी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग उठले अन् उघड्या दारातून हळूहळू बाहेर आले, व्हरांड्यात, उन्हात. खुर्ची होती तीत बसले.

त्या बाईचं नाव अलका वाबळे. ती भिंतीला टेकून त्यांच्याकडं बघत राहिली. "चार महिन्यांनी आले बाहेर," ती म्हणाली. मग आईकडं बघून हळूच, "तुमच्या आई... बऱ्या आहेत ना?"

"वय झालंय," असं म्हणून सुटता आलं असतं. आजवर तसंच सुटत आले होते. गिरणीत कुणी विचारलं की हेच.

"नाही," मी म्हटलं. "तिलाही तेच आहे, जे तात्यांना आहे. वडलांनाही होतं. म्हणून तर चालतोय."

अलकाताईंनी माझ्या पाठीवरचा कागद वाचला. पैसे कशाला, डॉक्टर काय करणार, औषध आहे का, सगळं विचारलं. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. औषध नाही अजून, पण आधी कळलं तर पुष्कळ करता येतं, अन् अभ्यास झाला तर कधीतरी औषधही निघेल. त्या ऐकत होत्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पलीकडं दोन घरं सोडून विचारा. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका."

आई केव्हाच फाटकाबाहेर पडली होती. मी रस्त्यावर आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. सरळ रस्ता समोर मोकळा. कार्डावर एक शिक्का, तीन बाकी. अजूनही आईला ओढून नेलं असतं, रिक्षा करून घरी सोडलं असतं अन् एकटीनं धावतपळत दहा पुरे केले असते, तर जमलं असतं. मी तसा विचार केला, हे कबूल करते. दहा हजार रुपये म्हणजे थोडीथोडकी रक्कम नाही, अन् ती कुणा चोराच्या खिशात जाणार नव्हती.

मग मी पाठीवरचा कागद काढला, उलटा केला अन् पर्समधलं बॉलपेन काढून वर पहिलं नाव लिहिलं. तात्या वाबळे, निवृत्त हेडमास्तर.

त्यानंतरचे तीन तास आईनं मला राबवलं. ती दारं वाजवायची, प्रश्न विचारायची, मी लिहायचे. दोन घरं सोडून एक आजी निघाली. ती आपल्याच मुलाला 'भाऊजी' म्हणत होती अन् मुलगा शरमेनं लाल झाला होता. एका घरी नवरा-बायको दोघंही तसेच, अन् सांभाळणारी म्हणजे त्यांची ऐंशी वर्षांची बहीण. काही दारं तोंडावर बंद झाली, तिथं आईनं फुल्या मारल्या. एकानं कुत्रं सोडलं. पण बातमी आमच्या पुढं पळत होती. तिसऱ्या गल्लीत आम्ही शिरलो तर बाया आधीच फाटकात उभ्या. "पारखे सिस्टर आल्यात," म्हणत होत्या. "सिस्टर, माझ्या पोराला तुम्हीच टोचलं होतं." आई कुणालाच ओळखत नव्हती अन् सगळ्यांना हो म्हणत होती.

अकराच्या सुमारास मागं वळून पाहिलं तर अलकाताई तात्यांचा हात धरून गल्लीत चालत होत्या. फक्त कोपऱ्यापर्यंत अन् परत. त्यांच्या मागं ती भाऊजी म्हणणारी आजी, तिच्या सुनेबरोबर. अलकाताई अन् ती सून दहा वर्षं शेजारी राहत होत्या अन् मागच्या खोलीत काय आहे त्याबद्दल एकमेकींशी कधी अवाक्षर बोलल्या नव्हत्या. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आमची रीत. त्या दिवशी त्या दोघी गल्लीच्या मधोमध उभ्या राहून, रात्री झोपेच्या गोळीनं फरक पडतो का, यावर बोलत होत्या.

असं माणूस असलेली सत्तावीस घरं निघाली. माझ्या कागदाची पाठ भरली, मग आईच्या पाठीवरचा कागद काढून त्यावर लिहिलं.

पुढचं आधी सांगून टाकते. गुगळेशेठनं छदाम दिला नाही. शब्द म्हणजे शब्द, म्हणाले. बाकीच्या वीस जणांनी दिले ते अडीच किलोमीटरचे. सगळ्यांचे मिळून जमले तेही हवे होते त्यापेक्षा कमीच. पण पुण्याच्या लोकांनी ती सत्तावीस घरांची यादी पैसेवाल्यांपुढं ठेवली, तेव्हा उरलेले पैसे उभे राहिले. अभ्यास आमच्या तालुक्यात आला अन् अजून सुरू आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच शाळेत डॉक्टर बसतात. आम्ही दरवर्षी जानेवारीत चालतो. माणसं वाढत गेली, मागच्या वर्षी चारशे होती. आई दोन हजार वीसला गेली, माझ्या हातचं पाणी पिऊन, झोपेत. हे सगळं चांगलंच झालं. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

आम्ही मैदानावर परत आलो तेव्हा एक वाजून गेला होता. मांडव सोडत होते. बक्षिसं वाटून झालेली, लोक पांगलेले. डॉक्टरीणबाई, नेर्लेकर त्यांचं आडनाव, तेवढ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर थांबल्या होत्या. दोघी बेपत्ता म्हटल्यावर काळजीत पडल्या होत्या.

"रुथाबाई, कुठं होतात? अन् शिक्का एकच?"

मी आईला खुर्चीवर बसवलं अन् दोन्ही कागद त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले. उलटून पुन्हा वाचले.

"ही सगळी त्या एका कॉलनीतली?"

"हो. शंभरेक घरांतली. दहा-बारांनी दार उघडलं नाही, ती वेगळी."

"तुम्हाला सांगते," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या मुली तुमच्या गावात सर्वेला आल्या होत्या. त्या कॉलनीत अन् तुमच्या गिरणीच्या वॉर्डात. तीनशे घरं फिरल्या. घरात कुणी विसरणारं म्हातारं माणूस आहे का, एवढंच विचारायचं होतं. माहीत आहे काय उत्तर आलं? शून्य. तीनशे घरांत एक नाही. त्यावर वरून शेरा आला की इथं हा आजार नाही. पैसे दुसऱ्या जिल्ह्यात गेले. सहा वर्षं वाया गेली आमची."

मी टेबलाला धरलं.

"मॅडम, त्यातलं एक घर माझं आहे."

त्यांना कळलं नाही.

"एक मुलगी आली होती. निळा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र. ऊन होतं, मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिनं विचारलं, घरात कुणी विसरणारं म्हातारं माणूस आहे का. मी म्हटलं, कुणी नाही. माझ्या मोठ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते त्या आठवड्यात. बाबा मागच्या खोलीत होते. आईही तिथंच होती त्यांच्याजवळ, तेव्हा ती बरी होती, तिनं सगळं ऐकलं. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. अन् कडी मीच लावत होते, मॅडम. तीन वर्षं."

त्याच सकाळी मी अलकाताईंची लाज काढली होती. तेही सांगितलं. रडू येत होतं अन् बोलणं थांबत नव्हतं, असं काहीतरी झालं होतं माझं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. वाईट बाई नाहीत त्या, पण सहा वर्षांचं दुखणं होतं, तोंडातून निघून गेलं. "अहो, पण तुम्ही? नर्सच्या घरातून असं..."

"डॉक्टर," आई म्हणाली.

आम्ही दोघींनी तिच्याकडं पाहिलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, साहेबापुढं बसायची तशी.

"तिला बोलू नका. पोर लपवलं म्हणून बाईला बोललं की पुढच्या खेपेला ती दारच उघडत नाही. भ्यालेली असते. वाईट नसते." मग माझ्याकडं वळली. माझ्याकडं बघताना तिच्या नजरेत ओळख नव्हती, पण मायेनंच बघत होती, तिनं जन्मभर परक्या बायांकडं बघितलं तसं. "घाबरू नका बाई. पेशंटचं नाव सांगा. ह्या लिहून घेतील."

"ते आता नाहीत, सिस्टर," मी म्हटलं.

"असू द्या. लिहायला लागतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा घातला अन् कागदावर सत्तावीसच्या खाली अठ्ठावीस आकडा टाकला. "गेलेल्यांचीही नोंद लागतेच," त्या म्हणाल्या. आवाज बदलला होता त्यांचा. "सांगा."

"शांतवन पारखे," मी म्हटलं. "वय त्या वेळी एकाहत्तर. मलेरिया खातं. घरातच होते."

त्यांनी लिहिलं. आई पुढं झुकली. अक्षरं तिला अजून वाचता यायची, सावकाश, बोट ठेवून. तिनं त्या नावावर बोट ठेवलं अन् ओठ हलवत दोनदा वाचलं.

"अहो, हे तर आमचे मिस्टर," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन थोपटला. "बरं झालं बाई, सापडले."